रक्तवाढीच्या गोळींतील समान वांटणी

जव्हार व मोखाडा हे डोंगराळ तालुके पूर्वी ठाणें जिल्ह्यांत होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यांत मोडतात. नागली-वरईच्या या मुलखांतील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनीं १९९२ सालीं सारा महाराष्ट्र हळहळला. बालकाचें पोषण मातेच्या रक्तापासून सुरू होतें; म्हणून गर्भवतीला चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक लाल गोळी द्यावी, असें सरकारी धोरण आहे. २०१८ च्या ‘ॲनिमियामुक्त भारत’ योजनेप्रमाणें तींत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे केवळ अर्धा मिलिग्रॅम, फॉलिक आम्ल असतें.

अर्धा मिलिग्रॅम म्हणजे किती? तांदळाच्या एका दाण्याचा सुमारें चाळिसावा भाग! लाखों गोळ्यांपैकीं प्रत्येकींत एवढेंसें औषध सारखें कसें पडावें, हा औषधशास्त्रांतील एक बिकट प्रश्न आहे.

चिवड्याचा डबा वारंवार हलविला, तर मीठ-तिखट तळाशीं जातें आणि शेंगदाणे वर राहतात. कारखान्यांतहि तेंच घडतें. बारीक कण जाड कणांच्या फटींतून खालीं उतरतात. म्हणून पूड पुष्कळ वेळ ढवळली कीं ती सारखी झालीच, असें मानतां येत नाहीं.

पहिला उपाय कण बारीक करण्याचा. कणाचा व्यास मिलिमीटरचा पांचवा भाग असेल, तर अर्ध्या मिलिग्रॅमांत जेमतेम पाऊणशें कण बसतात. त्यांतले दहा इकडेतिकडे झाले तरी फरक मोठा. व्यास निम्मा केला कीं संख्या आठपट, म्हणजे सुमारें सहाशें होते, आणि तेवढ्याच दहा कणांची चूक क्षुल्लक ठरते. मात्र फार बारीक पूड गुठळ्या धरते. ती चाळून घ्यावी लागते.

दुसरा उपाय समभागांचा. एक भाग औषधांत प्रथम एकच भाग दुसरी पूड मिसळावी, मग त्या दोहोंत दोन, चारांत चार. अशा नऊ पायऱ्यांत एकाचे ५१२ भाग होतात. तिसरा उपाय गृहिणींच्या परिचयाचा आहे: लाडू वळला कीं वेलदोड्याची पूड पुन्हां वेगळी होत नाहीं. त्याचप्रमाणें चिकट द्रावणानें मिश्रणाचे रवे बांधून, वाळवून, मग गोळ्या दाबतात.

गोळीचें वजन बरोबर भरलें, म्हणून आंतील औषध बरोबर आहे असें ठरत नाहीं. यास्तव दहा गोळ्या निरनिराळ्या तपासतात; प्रत्येकींतील औषध सरासरीच्या शेंकडा ८५ ते ११५ यांच्या दरम्यान असावें, असा साधारण दंडक आहे.

कोणी म्हणेल, आज थोडें कमी पडलें तर उद्यां भरून निघेल. चूक विखुरलेली असेल, तर तें खरें. परंतु यंत्रावरील नरसाळ्याच्या तळाची पूड निराळी झाली असेल, तर तिच्या गोळ्या एकापाठोपाठ निघतात व एकाच पाकिटांत जाऊं शकतात. मग एकाच स्त्रीला कित्येक दिवस उणें औषध मिळतें. हृदयविकारावरील डिगॉक्सिनसारख्या औषधांत तर पाव मिलिग्रॅमच्या मात्रेंतील वाढहि घातक ठरूं शकते.

पाड्यावरील मातेला गोळीचा रंग दिसतो, आंतील वांटणी दिसत नाहीं. तिचा विश्वास खरा ठरविण्याची जबाबदारी मिश्रण करणाऱ्यावर व तपासणाऱ्यावर असते.