पंच आपल्याच वयाचे

‘तीनशे शब्दांचा निबंध’ म्हटलं की महाराष्ट्रात अजूनही कपाळाला आठ्या पडतात. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते गेले. गाडी चालवल्याचा आरोप सतरा वर्षांच्या मुलावर होता आणि बाल न्याय मंडळाच्या जामिनाच्या अटींमध्ये अपघातांवरचा निबंध होता. लोक संतापले आणि ते रास्तच होतं. पुढे मंडळाने तो आदेश फिरवला. मात्र त्या संतापात एक गोष्ट वाहून गेली. निबंध, माफीचं पत्र, श्रमदान ही साधनं जगात जिथे रुजली, तिथे ती जीव घेणाऱ्या गुन्ह्यासाठी नव्हतीच. ती होती दुकानातून उचललेल्या वस्तूसाठी, भिंतीवर फासलेल्या रंगासाठी, शाळेतल्या हाणामारीसाठी. आणि ती शिक्षा ठरवणारे बहुतेकदा शाळकरी वयाचेच असत.

अमेरिकेतलं हे ‘यूथ कोर्ट’. विल्यम जॉर्ज यांनी १८९५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या फ्रीव्हिल इथे मुलांची वसाहत काढली, तेव्हाच तिथे मुलंच मुलांचा न्याय करत होती. आजचं रूप मात्र टेक्सासमधल्या ओडेसा शहरात १९८३ मध्ये सुरू झालेल्या न्यायालयाने लोकप्रिय केलं. अलास्कातल्या अँकरेज शहराचं यूथ कोर्ट १९८९ चं. तिथे सातवी ते बारावीची मुलं कायद्याचे वर्ग करतात, परीक्षा देतात आणि मगच काळा झगा घालून तीन-तीनच्या बाकावर न्यायाधीश म्हणून बसतात. वकीलही मुलंच.

बहुतेक ठिकाणी गुन्हा घडला की नाही, हा प्रश्न या न्यायालयापुढे येतच नाही. मुलाने तो आधीच कबूल केलेला असतो. उरतो तो पुढचा प्रश्न: आता याने काय करायचं? पंच कुणाचं नाव बाहेर फोडणार नाहीत, अशी शपथ घेतात. मग मुलाला विचारतात. कुणाचं नुकसान झालं? घरी काय सांगितलंस? त्या वेळी सोबत कोण होतं? हे प्रश्न वडिलांनी विचारले तर मुलगा जमिनीकडे बघत राहतो. बरोबरीच्या मुलीने विचारले तर उत्तर द्यावं लागतं, कारण थाप कुठे सुरू होते हे तिला नेमकं कळतं.

शिक्षांमधली एक या सगळ्या व्यवस्थेचा गाभा आहे. मुलाने पुढच्या खटल्यांत स्वतः पंच म्हणून बसायचं. काल ज्याला सगळे प्रश्न विचारत होते, त्याने आज दुसऱ्याचं ऐकून घ्यायचं आणि आपलं मत द्यायचं.

याचा उपयोग होतो का? अमेरिकेतल्या अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने २००२ च्या अहवालासाठी चार राज्यांतल्या मुलांचा सहा महिन्यांचा माग काढला. अलास्कात यूथ कोर्टातून गेलेल्यांपैकी ६ टक्के मुलं पुन्हा सापडली, नेहमीच्या वाटेने गेलेल्यांपैकी २३ टक्के. मिसूरीत हेच आकडे ९ आणि २८. मेरीलँडमध्ये मात्र असा फायदा दिसला नाही. म्हणजे ही जादूची कांडी नव्हे, आणि तसं कुणी म्हणूही नये.

आता आपल्याकडे, वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड भागाकडे वळू. समजा, तिथल्या रिठद गावाच्या शिवारात हरभऱ्याला पाणी सुरू असताना पंधरा वर्षांच्या पोराने स्प्रिंकलरचे चार पितळी नोझल काढून भंगारात विकले. गावात पुढे काय होतं, ते सांगायला नको. बाप हात जोडतो, पैसे भरतो, पोराला दोन थपडा बसतात आणि ‘चोर’ हे नाव त्याला लग्नापर्यंत चिकटतं. १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावोगाव तंटे मिटवले, पण तिथे पंचांच्या जागी बसतात मोठी माणसं. पोराला कुणी काही विचारतच नाही.

कायदा मात्र गावापेक्षा मायाळू आहे. २०१५ चा बाल न्याय कायदा अशा मुलाला ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो, आरोपी म्हणत नाही. प्रत्येक जिल्ह्यासाठी बाल न्याय मंडळ सांगितलं आहे: एक न्यायदंडाधिकारी, दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांत किमान एक महिला. मंडळाने उंच चौथऱ्यावर बसू नये, मुलाला पिंजऱ्यात उभं करू नये, असं नियमच सांगतात. किरकोळ गुन्ह्यात एफआयआर न करता स्टेशन डायरीत नोंद करायची. आणि कलम १८ खाली समज देणं, गट समुपदेशन, सामाजिक सेवा हे सगळं मंडळाला करता येतं.

गट समुपदेशन! यूथ कोर्टाची खुर्ची मांडायला जागा इथेच आहे. निर्णय मंडळाचाच राहील, पण त्या गटात प्रशिक्षण घेतलेली चार मुलं-मुली बसायला काय हरकत आहे?

हरकत एकच आहे आणि ती मोठी आहे. चारचौघांत बसून न्याय करण्याच्या नावाखाली जात पंचायतींनी माणसं वाळीत टाकली, इतकी की महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. मुलांच्या हाती असाच अधिकार आला तर ती मोठ्यांहून कठोर होतील. शिवाय खेड्यात गुपित टिकत नाही. रिठदचा मुलगा रिठदच्याच वर्गमित्रांपुढे बसला, तर संध्याकाळी सगळ्या आळीला कळेल. म्हणून पंच दुसऱ्या गावचे हवेत, शेजारी परिवीक्षा अधिकारी हवा, आणि अपमान करणारी शिक्षा देण्याची मुभा मुळातच नको.

शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी वर्ग रिकामे असतात. त्यातल्या एका वर्गात फळ्याजवळची उंच खुर्ची बाजूला सारून सहा बाकं गोल मांडायची. एका बाकावर नोझल विकणारा पोरगा, शेजारी त्याची आई. समोर नोझलवाला शेतकरी: त्या दिवशी पाण्याची पाळी हुकली आणि हरभरा कसा सुकला, हे त्यानेच पोराला सांगायचं. पोराने सुट्टीत त्याच्या शेतावर स्प्रिंकलरचे पाइप हलवायला जायचं. आणि पुढच्या एखाद्या शनिवारी त्याच वर्गात दुसऱ्याच गावचा मुलगा मान खाली घालून येईल, तेव्हा पंचांच्या बाकावर हा बसलेला असेल.