स्वयंभू गंधार आणि आतला आवाज

मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, तार बाजूला सारून पुन्हा घासतो. घोडीचा माथा किती घासायचा याचे माप फुटपट्टीवर मिळत नाही, ते त्याच्या कानात असते. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात इथे सतारी-तंबोरे घडवायला घेतले. २०२४ मध्ये मिरजेच्या या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले.

जवारी नीट लागली की तार घोडीच्या किंचित उताराला स्पर्श करत कंप पावते आणि मूळ स्वराभोवती उपस्वरांचे मोहोळ उठते. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यातल्या एका कोड्यावर निबंध लिहिला. तार जिथे छेडली तिथेच ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो, ते उमटू नयेत असा तोवरचा नियम होता. तंबोऱ्यात मात्र ते स्पष्ट ऐकू येत होते. खर्जाची तार सेकंदाला ७० वेळा कंप पावत असेल, तर तिचा पाचवा उपस्वर ३५० चा. वरच्या सप्तकातला षड्ज २८० चा, आणि ३५० ही त्याची बरोबर सव्वापट, म्हणजे शुद्ध गंधार. गंधाराची तार तंबोऱ्याला नसते, तरी तो स्वर तिथे असतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. नवख्या शिष्याला तो सापडत नाही. गुरूसमोर बसून कान तयार झाला की एके दिवशी तो ऐकू येतो आणि मग कधी हरवत नाही.

आतला आवाज, अंतःस्फूर्ती, मनाचा कौल या विषयाकडे मी या गंधाराच्या वाटेने येतो आहे. साधनेने ऐकू येणारी गोष्ट भ्रम असलीच पाहिजे असे नाही, हे तो दाखवतो. पण त्याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. हा गंधार यंत्रावर तपासता येतो. मनाच्या कौलाचे काय?

आत लक्ष लावण्याची परंपरा सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत खोल रुजलेली आहे. सज्जनगडावर समर्थ रामदासांनी अखेरची वर्षे घालवली. माण तालुक्यातल्या गोंदवल्याला ब्रह्मचैतन्य महाराजांनी, १९१३ साली देह ठेवेपर्यंत, एका रामनामाचाच आग्रह धरला. जत तालुक्यातले उमदी हे भाऊसाहेब महाराजांचे गाव. त्यांचे शिष्य गुरुदेव रा. द. रानडे काही काळ सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत होते, पुढे अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू झाले. नामसाधकाला येणाऱ्या नादाच्या आणि प्रकाशाच्या अनुभवांची अभ्यासकाच्या शिस्तीने छाननी करणारा त्यांच्यासारखा माणूस विरळा.

आता प्रयोगशाळेत जाऊ. शरीराच्या आतली हालचाल जाणवणे, म्हणजे हृदयाचा ठोका, श्वास, पोटातला पीळ, याला शास्त्रज्ञ इंटरोसेप्शन म्हणतात. मेंदूतला इन्सुला नावाचा भाग त्यात मोठे काम करतो. रायनर शांड्री यांनी १९८१ मध्ये ही जाणीव मोजण्याची एक साधी रीत रूढ केली: नाडीला हात न लावता आपले ठोके मोजायचे आणि आकडा यंत्राशी ताडून पाहायचा. लंडनच्या वित्तबाजारातल्या व्यापाऱ्यांवर असा प्रयोग झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ज्यांना आपले ठोके अधिक अचूक कळत होते त्यांची कमाईही जास्त निघाली. या चाचणीवर आक्षेप आहेत. आपले हृदय मिनिटाला साधारण किती वेळा धडधडते हे माहीत असलेला माणूस अंदाजानेही आकडा सांगू शकतो. तरीही शरीराची कुजबुज निर्णयात मिसळते, या कल्पनेला तिने बळ दिले.

मग वर्षानुवर्षे ध्यान करणाऱ्यांना हे ठोके जास्त अचूक कळत असतील, असे कोणालाही वाटेल. साहिब खालसा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अनुभवी ध्यानसाधकांची तुलना ध्यान न करणाऱ्यांशी केली. अचूकतेत फरक आढळला नाही. फरक होता तो खात्रीत: आपल्याला हे चांगले जमले, सोपे गेले, असे साधकांना जास्त वाटत होते. साधना करणाऱ्या प्रत्येकाने या निष्कर्षापाशी थांबावे असे मला मनापासून वाटते. आत ऐकू येते आहे ही खात्री वाढणे आणि जे ऐकू येते ते खरे असणे, या दोन वेगळ्या वाटा आहेत. २०१७ मध्ये जर्मनीतल्या एका अभ्यासात, नऊ महिन्यांच्या नियमित ध्यान-प्रशिक्षणानंतर ठोके ओळखण्याची अचूकता हळूहळू वाढलेली दिसली. तेव्हा दार बंद नाही, पण उघडायला वेळ लागतो.

कौल कधी मानावा? डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन या दोन मानसशास्त्रज्ञांची मते याबाबत परस्परविरोधी होती. कानेमन अंतःस्फूर्तीच्या चुका शोधणारे, क्लाइन अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांची अचूक स्फूर्ती अभ्यासणारे. दोघांनी एकत्र बसून २००९ मध्ये एक लेख लिहिला. त्यांच्या मते ज्या क्षेत्रात काही नियमितपणा आहे आणि जिथे आपल्या अंदाजाचे बरे-वाईट लगेच कळते, तिथेच स्फूर्ती भरवशाची होते. मिरजेच्या कारागिराचा कान नेमका असाच घडतो. तार त्याला दर खेपेला तिथल्या तिथे उत्तर देते. उलट, 'या माणसाशी व्यवहार करू नको' किंवा 'हीच मुलगी घरी सून म्हणून यावी' असा कौल येतो, तेव्हा उत्तर कळायला वर्षे जातात, आणि चुकलेले कौल आपण सोयीने विसरतो. शिवाय भीती आणि पूर्वसूचना यांची शरीरातली खूण सारखीच: छाती धडधडते, तळहात ओले होतात. ठोका काहीतरी घडल्याचे सांगतो, त्यामागचे कारण सांगत नाही.

आपल्या संतांना हा धोका ठाऊक होता. नवविधा भक्तीत समर्थ पहिले स्थान श्रवणाला देतात, पण दासबोधाच्या पहिल्याच समासात ते ग्रंथाचा आधार म्हणून आत्मप्रचीतीच्या जोडीला शास्त्रही ठेवतात. एकट्या आतल्या अनुभवाला त्यांनी मोकळे सोडले नाही. रानडे आणखी पुढे जातात. १९३३ मध्ये निघालेल्या आपल्या ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ या इंग्रजी ग्रंथात ते म्हणतात की अंतःस्फूर्ती बुद्धी, भावना आणि संकल्प यांच्या विरोधात जात नाही. साक्षात्काराची परीक्षा ते साधकाच्या नीतीवरही घेतात. नाद ऐकणाऱ्याचे वागणे सुधारले नसेल, तर त्या नादाला पुरावा म्हणून ते किंमत देत नाहीत. दोन्ही ठिकाणी आतल्या आवाजाला बाहेरून उत्तर मिळण्याची सोय करून ठेवलेली दिसते.

जपाबद्दलही थोडे सांगायला हवे. लुचानो बर्नार्दी यांच्या २००१ मधल्या अभ्यासात २३ निरोगी माणसांनी ख्रिस्ती जपमाळेवरची प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र म्हटला. दोन्हींत श्वासाचा वेग मिनिटाला सुमारे सहावर आला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची प्रतिक्षिप्त यंत्रणा अधिक तत्पर झाली. तेरा अक्षरी रामनाम संथपणे म्हटले तर श्वासाची लय कशी राहते, हे मोजायला महागडी यंत्रे लागत नाहीत. ठोके मोजण्याची चाचणीही इथेच घेता येईल: मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गोंदवल्यात हजारो नामधारक आहेत, सतारमेकर गल्लीत घोडी घासणारे कान आहेत. तिन्हींना एका प्रयोगात आणावे. नामधारक, जवारी लावणारे कारागीर आणि यांपैकी काहीही न करणारी माणसे, प्रत्येकाने आपले ठोके मोजावेत, आणि त्याबरोबर आपल्याला किती खात्री वाटते तेही लिहून द्यावे.