मेस्मा आणि मानधन

जुलै १९६०मध्ये केंद्रीय कर्मचारी संपावर गेले, तेव्हा नेहरू सरकारने अत्यावश्यक सेवांचा वटहुकूम काढला आणि पाच दिवसांत संप आटोपला. मे १९७४मध्ये रेल्वे थांबली ती वीस दिवस. रेल्वे कामगारांचे नेते जॉर्ज फर्नांडिस यांना तर संप सुरू होण्याआधीच अटक झाली होती. महाराष्ट्रात १९७७च्या डिसेंबरात सरकारी कर्मचाऱ्यांनी सुरू केलेला संप ५४ दिवस चालला. पुढे ‘मेस्मा’, म्हणजे महाराष्ट्र अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा, हा शब्द बातम्यांत इतका रुळला, की संपाची नोटीस आली रे आली की मेस्मा लागणार का, हाच पहिला प्रश्न.

या सगळ्यात मला विसरता येत नाही तो मार्च २०१८. आदल्या वर्षी अंगणवाडी सेविकांनी मोठा संप केला होता. सरकारने त्यांना मेस्माच्या कक्षेत आणलं. कुपोषित बालकांची हेळसांड नको, हे मंत्री पंकजा मुंडे यांचं म्हणणं. ते अगदीच चूक म्हणता येणार नाही. पोषण आहार थांबला तर हाल लेकरांचेच होतात. पण या बाया सरकारी हिशेबात कर्मचारी नाहीत. त्या ‘मानसेवी’, म्हणून वेतन नाही, मानधन. पगार मागितला की स्वयंसेविका आणि संप केला की अत्यावश्यक, असा हा कारभार! सत्तेत भागीदार असलेल्या शिवसेनेच्याच आमदारांनी विधानसभेत गोंधळ घातला, तेव्हा मुख्यमंत्री फडणवीस यांनी त्या निर्णयाला स्थगिती दिली.

एस.टी.चा २०२१-२२चा संप महिनोन् महिने रेंगाळला. मेस्माचे इशारे झाले, निलंबनं झाली, तरी आगारं ओस. अखेर उच्च न्यायालयाने २२ एप्रिलची मुदत घालून दिली, तेव्हा गाड्या पूर्ववत होऊ लागल्या. जानेवारी २०२३मध्ये खासगीकरणाविरोधात वीज कर्मचारी उतरले. मेस्मा लावला होता, पण संप मिटला तो त्याच दिवशी, तेव्हा उपमुख्यमंत्री असलेल्या फडणवीसांसोबतच्या बैठकीत. १४ मार्चला जुन्या पेन्शनसाठी लाखो कर्मचारी संपावर गेले आणि त्याच दिवशी विधानसभेत मेस्माचं नवं विधेयक चर्चेविना मंजूर झालं. चर्चा झाली ती आठवड्याभराने, मुख्यमंत्री शिंदे आणि संघटना यांच्यात. संप तिथे सुटला.

दरम्यान, एप्रिल २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला होता. डिसेंबर २०२३मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका पुन्हा संपावर गेल्या. मागण्यांत मानधनवाढ होती, ग्रॅच्युइटी होती आणि सरकारी कर्मचाऱ्याचा दर्जाही.