मलिक अंबर मोबाईलवर दाखवताना कापडाचे तागेही दाखवा

मोठ्या शहरांतील काही शोरूममध्ये साडी अंगावर न घेताही पाहता येते. गिऱ्हाईक कॅमेऱ्यासमोर उभे राहते आणि पडद्यावर तिच्या अंगावर साडी दिसते. या तंत्राला ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात. समोरची खरी वस्तू तशीच राहते, तिच्यावर संगणकाने बनवलेले चित्र बसवले जाते. २०१६ मध्ये पोरे मोबाईल हातात धरून रस्त्यावर पोकेमॉन शोधत फिरत होती, ती याचीच करामत. परदेशात याच रीतीने काळ्या लोकांचा स्थानिक इतिहास जागेवर उभा करून दाखवतात.

आपल्याकडे हे करायचे तर पहिला मान मलिक अंबरचा. हबशाणात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. १६२६ मध्ये त्याचा इंतकाल झाला. कबर खुलताबादला आहे.

तिथला भडकल दरवाजा त्याचाच. पर्यटक येतो, फोटो काढतो आणि जातो. तिथे पाटीवर क्यूआर कोड लावला (दुकानात पैसे घ्यायला लावतो तसाच), की मोबाईलमध्ये चित्र उघडेल. नुसत्या जीपीएसवर भागत नाही, त्यात काही मीटरची चूक होते आणि हत्ती दरवाजाऐवजी शेजारच्या चहाच्या टपरीवर उभा राहायचा! म्हणून कॅमेरा दगडांच्या कडा-कोपरे ओळखून चित्र जागेवर धरतो. स्वस्त मोबाईलला हे झेपत नाही, त्यांच्यासाठी साधा आवाज आणि चित्र ठेवावे लागेल.

सर्वांत चांगला उपयोग नहर-ए-अंबरीचा होईल. मलिक अंबरने शहराला पाणी आणले ते जमिनीखालच्या नहरीतून आणि मातीच्या नळांतून. वरून काहीच दिसत नाही. मोबाईल धरला आणि रस्त्याखालून वाहते पाणी दिसले, तर हा माणूस केवळ तलवारबहाद्दर नव्हता हे पोरांना न सांगता कळेल.

पण चित्र कुणाचे घ्यायचे? डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात एक मोगल चित्र आहे. त्यात जहांगीर बादशहा भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतो आहे. प्रत्यक्षात जहांगीरला तो कधीच सापडला नाही, अंबर म्हातारपणी आपल्या मौतीने मेला. पण ते चित्र सुंदर आहे, सहज मिळते, आणि बनवणाऱ्याने घाईत तेच उचलले तर खोटे घरोघरी पोहोचेल. छापील पुस्तकावर लोक शंका घेतात, डोळ्यांसमोर हलत्या चित्रावर घेत नाहीत.

आता आमच्या धंद्याची गोष्ट. १६१७ मध्ये अंबरला भेटलेल्या पीटर व्हान डेन ब्रूक या डच व्यापाऱ्याने त्याची किंमत लिहून ठेवली आहे: मोखा बंदरात ८० गिल्डर. हबशाणात हिंदुस्थानी कापडाला मोठी मागणी होती, आणि त्या कापडाच्या मोबदल्यात तिकडून गुलामही येत, असे इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी दाखवले आहे. म्हणजे अंबरसारख्या पोरांच्या सौद्यात एका पारड्यात आमचे तागे होते. हे मोबाईलवर दाखवायला कुणी तयार होईल काय? हत्ती, तोफा, दरबार सगळे दाखवतील. आमच्या मते तागा आधी दाखवावा, हत्ती नंतर.

हे फक्त मराठवाड्याचे नाही. अंबरला विकत घेणारा अहमदनगरचा वजीर चंगेज खान हाही हबशीच. त्याच्याच काळात, १५७४ मध्ये, वऱ्हाड निजामशाहीत आले. पुढे आईन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत ज्या कळमचे नाव आहे, ते आमच्या बाभुळगावच्या शेजारचे कळंब. इथल्या शाळांतल्या पोरांना हे नाते कुणी सांगत नाही.

खर्चाचे म्हणाल तर चित्र बनवणारे कारागीर शहरात मिळतात. पैसा ठेवावा लागेल तो फारसी आणि डच कागद वाचणाऱ्याला आणि मजकूर तपासणाऱ्याला. आवाज मराठीत आणि उर्दूत हवा, आणि तो खुलताबादच्या पोरांकडून भरून घ्यावा, त्यांना मजुरी देऊन. भडकल दरवाजा पाहून झाल्यावर हिमरूच्या मागावर जाण्याचा रस्ताही त्याच मोबाईलवर दाखवला, तर विणकराच्या दारी चार गिऱ्हाइके जास्त येतील.