मानसप्रतिमा आणि विज्ञान-गणिताचे अध्यापन

डोळ्यांसमोर नसलेल्या वस्तूचे चित्र आपण मनात उभे करू शकतो, ते फिरवू शकतो, कापून आतूनही पाहू शकतो. अशा चित्रास मानसप्रतिमा म्हणतात. विज्ञान व गणित या विषयांत तिच्यावाचून गत्यंतर नाही. अणू अतिसूक्ष्म म्हणून दिसत नाही, पृथ्वी अतिविशाल म्हणून एका दृष्टीत मावत नाही आणि रुंदी नसलेली रेषा तर केवळ विचारातच असते. तथापि वर्गात बहुधा प्रतिमेऐवजी व्याख्याच हाती दिली जाते. विद्यार्थी ती पाठ करतो, उत्तीर्ण होतो आणि पुढे 'गणित आपल्यासाठी नाही' असा निष्कर्ष काढतो. ज्या घरात शिकणारी ही पहिलीच पिढी आहे, तेथे या निष्कर्षासरशी अभियांत्रिकी, वैद्यक व संशोधन यांची दारेही बंद होतात.

हा दोष विद्यार्थ्याच्या बुद्धीचा नव्हे. मुंबईत मानखुर्द येथे असलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना १९७४ मध्ये झाली. प्रा. वि. गो. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महानगरपालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसमवेत केलेल्या कार्यातून, योग्य अध्यापन लाभल्यास ही मुले शालान्त परीक्षेत लक्षणीय यश मिळवतात, हे १९८० च्या दशकात दाखवून दिले. पुढे याच केंद्रात शमीन पडळकर व जयश्री रामदास यांनी महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या खगोलविषयक आकलनाचा अभ्यास केला. 'पृथ्वी गोल आहे' हे वाक्य ठाऊक असणे आणि त्या गोलाच्या आधारे दिवस-रात्र वा ऋतू यांचा उलगडा करता येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. हे अंतर भरून काढण्यासाठी त्यांनी प्रतिकृती, आकृत्या आणि हातांचे व शरीराचे हावभाव यांचा अध्यापनात उपयोग केला. या हावभावांविषयीचे त्यांचे संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

याचे एक उदाहरण दहिसरच्या अंगणातच घेता येईल. दहिसर सुमारे १९ अंश १५ कला उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरच्या आठवड्यात, दुपारी साडेबारानंतर काही मिनिटांनी सूर्य येथे थेट डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली नाहीशी होते. दिल्लीत मात्र असे कधीच घडत नाही. का? एका चेंडूत दोन टाचण्या सरळ रोवून तो उन्हात धरावा. एक टाचणी सूर्याच्या नेमक्या रोखाने ठेवली की तिची सावली लोपते. दुसरीची मात्र पडते. आता मुलांनी डोळे मिटावेत आणि आपण प्रथम एका, नंतर दुसऱ्या टाचणीच्या पायथ्याशी उभे आहोत असे पाहावे. 'वर' ही दिशा स्थळागणिक बदलते, हे येथे उमगते. सूर्य उत्तरेकडे साडेतेवीस अंशांपर्यंतच सरकतो आणि दिल्ली त्याही पलीकडे आहे, एवढे सांगितले की उत्तर मुले स्वतःच शोधतात.

गणितातही हेच. दोन संख्यांच्या बेरजेचा वर्ग करताना अनेक विद्यार्थी केवळ दोन वर्ग मांडतात. १३ चा वर्ग ते १०० अधिक ९, म्हणजे १०९ असा काढतात. तेरा बाजूचा चौरस मनात आणून तो दहा व तीन असा दोन्ही बाजूंनी विभागला, तर एक मोठा चौरस, एक लहान चौरस आणि १० गुणिले ३ अशा दोन पट्ट्या दिसतात. विसरलेले ६० त्या पट्ट्यांत असतात. उत्तर १६९ येते आणि सूत्रातील 'दोनपट गुणाकार' कोठून आला, हे पुन्हा सांगावे लागत नाही.

पालि वाङ्मयाच्या अभ्यासकास हा क्रम अपरिचित वाटू नये. आचार्य बुद्धघोषांच्या पाचव्या शतकातील 'विसुद्धिमग्ग' ग्रंथात पथवीकसिणाचा विधी आहे. साधक मातीचे, एक वीत चार अंगुळे व्यासाचे मंडल प्रथम उघड्या डोळ्यांनी पाहतो. डोळे मिटल्यावरही ते तसेच दिसू लागले की त्यास उग्गहनिमित्त म्हणतात. प्रतिमा हरवली तर साधकाने मंडलापाशी परत जाऊन ते पुन्हा पाहावयाचे असते. ध्यानाचा हेतू वेगळा आणि अध्यापनाचा वेगळा. तथापि प्रतिमा ही जन्मजात देणगी नसून सरावाने घडते, ही दृष्टी शिक्षकास उपयुक्त आहे.

मात्र प्रतिमा म्हणजे पुरावा नव्हे. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ येते, हे चित्र सहज पटते, पण चुकीचे आहे. पृथ्वी सूर्याला सर्वाधिक जवळ असते ती जानेवारीच्या आरंभी. म्हणून प्रत्येक प्रतिमेचा मोजमापाने वा युक्तिवादाने पडताळा घेतलाच पाहिजे.

विहाराच्या सायंकालीन अभ्यासवर्गासही हा क्रम अंगीकारता येईल : प्रथम वस्तू हाताळणे, मग आकृती काढणे, नंतर डोळे मिटून पाहणे, पाहिलेले स्वतःच्या शब्दांत सांगणे आणि शेवटी पडताळणे. विद्यार्थी सांगताना जेथे अडखळतो, तेथेच त्याची प्रतिमा अपुरी असते. शिक्षकाने त्यास तेथून पुन्हा वस्तूकडे न्यावे. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक काठी, एक चेंडू, दोन टाचण्या आणि मुलाचे बोलणे संपेपर्यंत थांबणारा शिक्षक पुरे.