विटांची मोटारसायकल : वाट नेमकी कशाची पाहायची?

मोठ्या माणसाने खेळण्याची वाट पाहावी, ही गोष्ट आपल्याकडे अजूनही हसण्यावारी नेली जाते. पन्नाशीला टेकलेला गृहस्थ टेबलावर प्लॅस्टिकचे तुकडे मांडून मोटारसायकल जोडतो आणि पुढची केव्हा येणार म्हणून महिनोन् महिने डोळे लावून बसतो, याला लोक पोरखेळ म्हणतात. परंतु डेन्मार्कच्या लेगो कंपनीने २०२० मध्ये प्रौढांसाठीचे संच वेगळे काढले आणि त्यांच्या खोक्यांवर '१८+' असे ठळकपणे छापायला सुरुवात केली. जगातला एक बडा उद्योग ज्यावर पैसा लावतो, तो पोरखेळ राहत नाही. तो बाजार असतो. आणि बाजाराकडे डोळे झाकून पाहायचे नसते, हे या पानाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

प्रथम वस्तुस्थिती समजून घेऊ. लेगोच्या टेक्निक या मालिकेत मोटारसायकली पूर्वीही होत्या, पण त्या लहान. २०२० मध्ये आलेली डुकाटी पानिगाले व्ही४ आर ६४६ तुकड्यांची होती. जानेवारी २०२२ मध्ये बीएमडब्ल्यू एम १००० आरआर आली आणि सगळे मापच बदलले. १,९२० तुकडे, खऱ्या गाडीच्या एक पंचमांश आकार, लांबी सुमारे दीड फूट. २०२३ मध्ये त्याच प्रमाणातली १,४७८ तुकड्यांची यामाहा एमटी-१० एसपी आली. २०२५ मध्ये १,६०३ तुकड्यांची डुकाटी पानिगाले व्ही४ एस आली. मध्ये २०२४ साली कावासाकीची निन्जा एच२आर येऊन गेली, पण ती एक अष्टमांश आकाराची आणि ६४३ तुकड्यांची. मोठ्या गाडीची वाट पाहणाऱ्याची भूक तिने भागणारी नव्हती.

यांना विटांच्या गाड्या म्हणायचे ते केवळ सवयीने. आपल्या डोळ्यांपुढे असते ती घुंड्यांची चौकोनी वीट टेक्निकच्या गाडीत फारशी दिसतच नाही. भोके पाडलेल्या पट्ट्या, त्यांना एकमेकींत अडकवणाऱ्या खुंट्या, दांडे आणि दातेरी चाके यांनी ही गाडी उभी राहते. तिच्या पोटात पिस्टन वरखाली होतात, मागच्या चाकाला चेन असते, पुढचे-मागचे सस्पेन्शन दाबले की बसते आणि सोडले की उठते.

आता नवी गाडी येणार म्हटले की चर्चा कशाची होते? कंपनी कोणती, तुकडे किती, किंमत किती. या तीन गोष्टींपलीकडे उत्सुकता सहसा जात नाही. टाकीवर कोणाचे नाव असणार यावर पैजा लागतात. माझे म्हणणे असे आहे की, वाट पाहण्याची ही रीतच चुकीची आहे. टाकीवरचे नाव ही या गाडीतली सर्वांत स्वस्त गोष्ट आहे. मोल आहे ते आतल्या गिअरबॉक्सला.

आपल्यापैकी बहुतेकांनी मोटारसायकल चालवली आहे. डाव्या पायाने गिअर टाकतो, एक खाली आणि बाकीचे वर, आणि पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये न्यूट्रल. पण पायाने दांडी दाबल्यावर आत काय होते, हे किती जणांना ठाऊक आहे? दांडी दाबली की आत एक ड्रम थोडासा फिरतो. त्या ड्रमवर नागमोडी खाचा कोरलेल्या असतात. खाचांत काट्यांची टोके बसवलेली असतात. ड्रम फिरला की काटे डावी-उजवीकडे सरकतात आणि सरकताना दातेरी चाकांना शेजारच्या चाकात अडकवतात किंवा त्यातून सोडवतात. सगळ्या गिअरची चाके कायम एकमेकांत गुंतूनच फिरत असतात. त्यांपैकी कोणत्या जोडीने जोर वाहून न्यायचा, एवढेच काटा ठरवतो. ज्या जागी एकही जोडी अडकलेली नाही ती जागा म्हणजे न्यूट्रल.

ही रचना पुस्तकात वाचून डोक्यात शिरत नाही. हाताने जोडली की शिरते. लेगोने १९७७ मध्ये टेक्निक मालिका सुरू केली. १९९४ च्या सुपर कारमध्ये चार गतींचा गिअरबॉक्स आला. एक सरकते कडे दातेरी चाकात अडकून ते चाक दांड्याशी बांधते, अशी ती युक्ती होती. २०२३ च्या यामाहासाठी तर खाचांचा ड्रम आणि काटा हे भाग नव्याने घडवण्यात आले, म्हणजे खेळणे खऱ्या यंत्राच्या एक पाऊल जवळ गेले. माझ्या मते या सगळ्या मोटारसायकलींमधली खरी बातमी ती होती. पण बोलबाला झाला तो रंगाचा आणि आकाराचा!

तरीही अजून बरेच अंतर बाकी आहे. बीएमडब्ल्यू, यामाहा आणि डुकाटी या तिन्ही खऱ्या गाड्यांना सहा गिअर आहेत. २०२२ च्या बीएमडब्ल्यूच्या आणि २०२५ च्या डुकाटीच्या संचात तीन गिअर आणि न्यूट्रल मिळाले. खऱ्या गाडीत इंजिन चाकाला फिरवते, इथे चाक इंजिनाला फिरवते. गाडी हाताने पुढे ढकलली की पहिल्या गिअरमध्ये पिस्टन भराभर हलतात, तिसऱ्यात संथ होतात. उलट्या बाजूने का होईना, गिअर म्हणजे काय हे बोटांना कळते. हे कळणे हीच या वस्तूची किंमत आहे.

आता विटेच्या इतिहासाकडे वळू, कारण पुढची मागणी त्या इतिहासातून निघते. लेगोचा संस्थापक ओले कर्क क्रिस्तियानसेन हा डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचा सुतार. मंदीच्या काळात, १९३२ मध्ये, घरबांधणीची कामे मिळेनाशी झाली तेव्हा तो लाकडी खेळणी करू लागला. १९४६ मध्ये त्याने प्लॅस्टिकचे भाग ओतण्याचे यंत्र विकत घेतले आणि १९४९ मध्ये एकमेकांत बसणाऱ्या विटा बाजारात आणल्या. पण ही कल्पना मुळात त्याची नव्हती. इंग्लंडमधल्या किडिक्राफ्ट कंपनीच्या हिलरी पेजने तशा विटा आधीच काढल्या होत्या आणि लेगोने त्यांवरूनच आपल्या विटा बेतल्या. पेज १९५७ मध्ये वारला. विटेच्या पोटात नळ्या घालून पकड घट्ट करण्याची सुधारणा मात्र लेगोची. तिचे पेटंट ओलेचा मुलगा गॉटफ्रेड याने २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल केले. किडिक्राफ्टचे उरलेले हक्क लेगोने पुढे १९८१ मध्ये विकत घेतले.

पेटंटची मुदत संपल्यावर लेगोने विटेचा आकार हाच आपला व्यापारी चिन्हाचा हक्क म्हणून कायमचा राखायचा प्रयत्न केला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये तो मान्य केला नाही. युरोपीय न्यायालयानेही सप्टेंबर २०१० मध्ये तो फेटाळला. न्यायालयांचा तर्क सरळ होता. ज्या आकारामुळे वस्तू काम करते तो आकार व्यापारी चिन्ह म्हणून कोणाच्या मालकीचा होऊ शकत नाही. पेटंटची ठरावीक मुदत संपली की ते ज्ञान सर्वांचे. मक्तेदारीला मागच्या दाराने अमरपट्टा मिळत नाही. हा निकाल म्हणजे खेळण्यांच्या व्यापारातली किरकोळ बाब समजू नये. हत्यार कोणाचे आणि त्यामागची विद्या कोणाची, हा त्यातला प्रश्न आहे.

या विटेचे सामर्थ्य तरी कशात आहे? आठ घुंड्यांच्या एकाच रंगाच्या सहा विटा घेतल्या तर त्या किती प्रकारे जोडता येतील, याचा आकडा कंपनी पूर्वी दहा कोटींच्या घरात सांगत असे. डॅनिश गणिती सोरेन आयलर्स यांनी २००५ च्या सुमारास संगणकावर मोजणी करून तो आकडा ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ असल्याचे दाखवून दिले. कंपनीने फक्त सहा मजली उंच रचनाच मोजल्या होत्या! सहा विटांची ही शक्यता, तर १,६०० तुकड्यांची किती असेल?

इथेच विसंगती दिसते. टेक्निकच्या अनेक जुन्या संचांतून दोन यंत्रे होत. पहिले मोडायचे, त्याच तुकड्यांतून दुसरे उभे करायचे, आणि दोन्हींची कृती कंपनी देत असे. खोकेच सांगत असे की, हे एवढेच नाही, पुढे तू पाहा. आज नामांकित वाहन कंपनीच्या परवान्याने निघणारी मोठी मोटारसायकल एकाच रूपात येते. जोडायची, स्टँडवर चढवायची आणि कपाटावर ठेवायची. वीट न्यायालयात मोकळी झाली आणि कपाटावर मात्र बंदिस्त झाली, असे म्हटले तर चुकेल काय?

आपल्याकडे या छंदाला पैशाची वेसणही आहे. भारताने खेळण्यांवरचे आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेले आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. देशी कारखान्यांना आधार मिळावा हा त्यामागचा हेतू होता आणि त्याला विरोध करण्याचे कारण नाही. पण महागडी वस्तू घेताना तिच्यातून काय मिळणार याचा हिशेब आपणच ठेवायचा असतो. केवळ नावासाठी एवढी रक्कम मोजायची असेल तर ती उधळपट्टी आहे. यंत्राची समज येणार असेल तर ती पुस्तकावर केलेल्या खर्चासारखी आहे.

म्हणून पुढच्या मोठ्या मोटारसायकलीकडून अपेक्षा ठेवायच्या त्या अशा. गिअर सहा असावेत. क्लच दाबल्यावर इंजिन आणि चाक यांचे नाते आतून खरोखर तुटावे. गिअरबॉक्स जोडून झाल्यावर तो कायमचा झाकला जाऊ नये, आत काय चालले आहे ते दिसावे. आणि मुख्य म्हणजे, त्याच तुकड्यांतून होणाऱ्या दुसऱ्या यंत्राची कृती संचासोबत मिळावी. मग ते शेतात पाणी उपसणारे इंजिन असो की तीनचाकी टेम्पो. असे झाले तर तुकड्यांची संख्या पाचशेने कमी असली तरी बिघडत नाही.

आपल्या समाजाने शतकानुशतके हाताने करणारा वेगळा आणि डोक्याने जाणणारा वेगळा अशी फाळणी करून ठेवली. ज्याचे हात ग्रीसने काळे, त्याला अडाणी ठरवले. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये निव्वळ आवाजावरून गिअरबॉक्सचा बिघाड ओळखणाऱ्या मेकॅनिकची विद्या ही विद्याच आहे, हे मान्य करायला पांढरपेशा माणूस आजही कचरतो. तोच माणूस सुटीच्या दिवशी टेबलापाशी बसून काटे आणि ड्रम स्वतःच्या बोटांनी जोडतो, एक दात चुकला म्हणून शंभर तुकडे उसवून पुन्हा बसवतो, तेव्हा त्या मेकॅनिकच्या कामाची अवघडाई त्याला प्रथमच उमगण्याची शक्यता असते. ही शक्यता जागी ठेवणारे खेळणे असेल तर त्याची वाट जरूर पाहावी.

तेव्हा नवे खोके दुकानात येईल त्या दिवशी पुढच्या बाजूवरचे नाव आधी वाचू नका. खोके उलटे करा. मागच्या बाजूला गिअरबॉक्सचे चित्र आहे का ते शोधा, गिअर किती ते मोजा, दुसरे यंत्र दिले आहे का ते पाहा. नसेल तर खोके परत फळीवर ठेवायला लाजू नका. पुढचे खोके चांगले निघायचे असेल तर तेही गरजेचे आहे.