स्त्रियांचा काळा सपाट जोडा

“पायांतली वहाण पायांतच बरी” ही म्हण वहाणेसाठीं नसून माणसांसाठीं आहे, आणि घरोघर ती बहुधा स्त्रीवरच चालविली गेली. मौज ही, कीं जिला ही उपमा मिळाली तिच्या पायांत पिढ्यान्‌पिढ्या वहाण नव्हतीच. देऊळ, पाणवठा आणि माहेर एवढ्या वाटेला पादत्राण कशाला, असा वडीलधाऱ्यांचा हिशेब असे. पुढें ती शिकावयास बाहेर पडली, तेव्हां तिच्या हातांतील पुस्तकाइतकाच तिच्या पायांतील जोडा लोकांच्या डोळ्यांत खुपला. आनंदीबाई जोशी ह्यांनीं अमेरिकेस जाण्यापूर्वीं, १८८३ सालीं, बंगालमधील श्रीरामपूर येथें भाषण केलें. बूटमोजे घालून जाणारी ही बाई कोण, म्हणून रस्त्यांतले लोक कसे हंसत, हें त्यांनीं त्यांत सांगितलें आहे. तीन वर्षांनीं फिलाडेल्फिया येथें त्या डॉक्टर झाल्या.

तो उपहास आतां राहिला नाहीं. परंतु स्त्रीच्या जोड्याचा विचार तिच्या चालण्याच्या दृष्टीनें करण्याची संवय अजून आपल्या घरांना लागलेली नाहीं. तो एक तर शृंगारांत जमा होतो, नाहीं तर खर्चाच्या यादींत सर्वांच्या शेवटीं येतो.

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोंकाला असलेले डहाणू व तलासरी हे तालुके ह्या दृष्टीनें पहाण्यासारखे आहेत. एका बाजूस समुद्र व चिकूच्या वाड्या, दुसऱ्या बाजूस डोंगर व त्यांतले विखुरलेले पाडे, आणि पावसाळ्याचे चार महिने चिखल. १९४५ सालीं ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनीं डहाणू तालुक्यांतील बोर्डी येथें बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें. १९५७ सालीं तें कोसबाडच्या टेंकडीवर गेलें. मुलें शाळेपर्यंत येत नाहींत असें दिसतांच त्यांनीं शाळाच पाड्यावर नेली, आणि गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा काढली. गोदावरी परुळेकर ह्याहि १९४५ पासूनच ह्या भागांतील वारल्यांच्या पाड्यांतून हिंडूं लागल्या. हीं सर्व कार्यें पायांवर झालीं. आज ह्याच वाटांनीं शिक्षिका, परिचारिका व अंगणवाडीच्या सेविका जातात. मुंबईची लोकल गाडी २०१३ सालीं डहाणूपर्यंत आल्यापासून तिच्यानें कामावर जाणाऱ्या स्त्रियाहि आहेत. अशा स्त्रीच्या पायांत काय असावें, हा चैनीचा प्रश्न नव्हे.

पुष्कळजणी आज जो काळा, चामड्याचा, सपाट व पुढून बंद जोडा पसंत करतात, त्यास दुकानांत “बेली” म्हणतात. जुन्या मंडळींना पुरुषांचा पंपशू आठवत असेल. हा त्याच्याच कुळांतला. ह्याचें मूळ पाश्चात्त्यांच्या बॅले नृत्यांत आहे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंत चामड्याच्या जोड्यांवर नियंत्रण आलें. नाचाचे जोडे त्यांतून सुटले होते. तेव्हां क्लेअर मॅकार्डेल ह्या वेषरचनाकार बाईंनीं नाचाचे जोडे करणाऱ्या कपेझिओ ह्या पेढीकडून त्याच जोड्यांना रस्त्यावर टिकेल असा सोल लावून घेतला. म्हणजे हा जोडा जन्मानें नाचाचा, आणि रस्त्यावर आला तो टंचाईमुळें. त्याचे गुण व दोष ह्या जन्मांतच आहेत. तो हलका असतो, आणि न वांकतां, हात न लावतां उंबऱ्याशीं काढतां येतो. दिवसांतून दहा वेळां जोडा काढणाऱ्या आपल्या लोकांस ही मोठी सोय. परंतु त्याचा सोल पातळ असतो, आणि त्यास बंद किंवा पट्टा नसल्यामुळें तो केवळ चवडा व टाच ह्यांच्या आधारानें पायांत रहातो.

म्हणून तो निवडतांनाच सावध असावें. निसटूं नये म्हणून बायका तो घट्ट घेतात. मग बोटें आंत मुडपतात, करंगळीवर कुरूप होतें, आणि अंगठ्याच्या मुळाशीं हाड बाहेर येण्यास तोंडाशीं अरुंद जोडा हें एक कारण होतें. जोडा सायंकाळीं घ्यावा, कारण दिवसभराच्या चालण्यानें पाय किंचित् सुजलेले असतात. दोन्ही पायांत घालून उभें राहावें व दुकानांत दहा पावलें चालावें. पुढें अर्धा बोट जागा सुटली पाहिजे, आणि टाच उचलली जातां कामा नये. आपल्याकडे इंग्रजी मापें चालतात. त्यांत एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा. चामडें वापरानें रुंदींत थोडें सैल होतें, लांबींत नाहीं. तेव्हां “पुढें सैल होईल” ह्या दुकानदाराच्या आश्वासनावर आंखूड जोडा घेऊं नये. अगदीं सपाट जोड्यापेक्षां अर्धा इंच टाच असलेला बरा, आणि आंत मऊ तळवा घालून घेतल्यास टाच दुखत नाहीं.

पोषाखाशीं जुळविण्यास काळ्या रंगासारखा सोयीचा रंग नाहीं. नऊवारी लुगड्याखालीं घोटा दिसतो, तेथें तो नीटस दिसतो. पंजाबी पोषाखासहि शोभतो. पांचवारी नेसतांना मात्र टाचेचा हिशेब धरावा. उंच टाचेच्या अंदाजानें नेसलेलें पातळ ह्या जोड्यावर जमिनीस लोळतें, आणि स्टेशनच्या जिन्यावर पायांत येतें. कांठ जमिनीपासून बोटभर वर ठेवावा. किनाऱ्याच्या दमट हवेंत पायास घाम फार येतो; म्हणून जोड्याच्या कांठाखालीं झांकतील असे आंखूड सुती मोजे घालावे व ते रोज धुवावे. बोटांच्या बेचकींत ओल राहिली कीं चिखल्या होतात.

पावसाळ्यांत चामड्याचा जोडा घरीं ठेवावा, हेंच उत्तम. त्या दिवसांत रबराचा वापरावा. तरीहि भिजलाच, तर तो चुलीजवळ किंवा कडक उन्हांत वाळवूं नये. चामड्यांतील स्निग्धता जाऊन त्यास भेगा पडतात. आंत जुनें वर्तमानपत्र कोंबून सावलींत, वाऱ्यावर ठेवावा, आणि वाळल्यावर पॉलिश करावें. खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग ओल्या फडक्यानें तेव्हांच पुसावे. एकच जोडा रोज घालण्यापेक्षां दोन आलटून पालटून घातल्यास आंतला घाम सुकतो, आणि दोन्ही जास्त दिवस टिकतात.

ह्या जोड्याच्या मर्यादाहि ध्यानांत असाव्या. पाड्यांच्या डोंगरवाटेस पट्ट्याचा व जाड सोलाचा जोडाच हवा. अंधारांत वाडींतून किंवा भाताच्या बांधावरून जाणें असेल, तर घोटा झांकणारे बूट व हातांत विजेरी असावी. कारण सर्पदंश बहुधा पायासच होतो. अनवाणी चालणाऱ्या शेतमजूर भगिनींस तर हें भय नित्याचें आहे. मधुमेह असलेल्या स्त्रीनें रोज रात्रीं तळवे पहावे. पायाची संवेदना कमी झाली असल्यास जोडा चावलेला कळत नाहीं, आणि लहानसा फोड चिघळतो.

जोडा करणाऱ्या हातांविषयींहि दोन शब्द. चामडें पायाशीं चालतें, पण तें कमावणारा माणूस दाराशीं चालत नाहीं, अशी विपरीत रीत आपल्या घरांनीं फार काळ पाळली. कोंकणांत अप्पासाहेब पटवर्धनांनीं ब्राह्मण घरांत जन्मून मेलेल्या जनावरांचें चामडें सोडविण्याचें काम स्वतः केलें, तें ही रीत मोडण्यासाठींच. टांका उसवला तर जोडा फेंकण्यापूर्वीं चांभाराकडे न्यावा. त्याच्या कारागिरीचा योग्य मोबदला घासाघीस न करितां द्यावा, आणि त्याच्याशीं आदरानें बोलावें.

कुटुंबाचा वार्षिक खर्च मांडतांना मुलांच्या शाळेचे बूट आपण न चुकतां धरतों, घरधन्याचेहि धरतों. सून, लेक, सासूबाई ह्यांचा जोडा मात्र “अजून चालतो आहे” म्हणून पुढल्या वर्षावर जातो, आणि त्याहि तें हंसून मान्य करतात. येत्या वर्षीं यादीचा आरंभ त्यांच्यापासून करावा. दिवसभर उभी राहून चालणारी स्त्री सायंकाळीं घरीं येऊन स्वयंपाकाशींहि उभीच असते. तिच्या पायांची काळजी हा साऱ्या घराचाच प्रश्न आहे.